बुटावरची घडी

मशीन तिसऱ्यांदाही सुचिताच्या घोट्यापाशीच वाजलं.

गेटवरची रांग जागच्या जागी थांबली. न्हावा शेव्याच्या रस्त्यावरचं ते खाजगी गोदाम. तिथे नुकताच परदेशी घड्याळांचा माल येऊ लागला होता. पट्टे न लावलेली, चांगलं हलवलं की आपोआप चालू होणारी, भलतीच महाग घड्याळं. त्यांच्यासाठीच धातू हुडकणारं हे नवं मशीन आणलं होतं, आणि ते पहिल्यांदा कुणावर वाजलं, तर चक्क गार्डच्याच पायाशी.

मॅनेजर चंद्रशेखर केबिनमधून तरातरा आले. त्यांनी सुचिताला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. खाडीत भराव पडला तशी तिच्या घरची होडी कायमची किनाऱ्याला लागली होती. नवरा हरेश आज कामावर तर उद्या घरी, आणि सासरे कान्हा अंथरुणाला खिळलेले. बाकी काही गेलं तरी चालेल, पण ही नोकरी जाता कामा नये, एवढं एकच तिच्या मनात होतं.

"पोलिसांना बोलवायचं का?" मॅनेजरांनी विचारलं.

"बोलवा साहेब," ती म्हणाली. "पन आधी हितंच उघडून बघा. सगल्यांसमोर."

तिच्या जोडीची गार्ड उत्कर्षा खाली बसली. तिने बुटावरचं रबर सोडलं, आत खोचलेली पँट बाहेर ओढली. पँटीच्या काठाला आतून कापडाची एक चपटी नळी टाचलेली होती. उत्कर्षाने ती उसवली, तसे शिशाचे मणी फरशीवर घरंगळले. जाळ्याला लावतात ते, साधे, काळपट.

आता यात सगळा दोष सुपरवायझर शहाजींचा. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. गार्ड उशिरा आला तर एकवेळ चालवून घेईल, पण पँट बुटावर नीट बसली नसेल तर त्याची खैर नाही. नुसतं रबर लावून पँट खोचली की दुपारपर्यंत ती वर चढते, एका बाजूला फुगते, दुसऱ्या बाजूला लोंबते. बाकीच्यांना रोज बोलणी बसायची. सुचिताची घडी मात्र संध्याकाळपर्यंत बुटाभोवती एकसारखी राही, आणि त्याचं गुपित आज असं चारचौघांत सांडलं होतं.

तिने चाचरत सांगितलं. सासऱ्यांचं जाळं माळ्यावर पडून आहे. पाण्यात जाळं ज्या वजनाने सरळ राहतं, त्याच वजनाने पँट का राहू नये, असं तिला वाटलं. बस, एवढंच.

शहाजींनी एक मणी उचलून तळहातावर तोलला. पलटणीत आम्ही पँटीत साखळी घालायचो, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसले. मॅनेजरांनी सगळ्यांदेखत माफी मागितली. तेव्हा मात्र सुचिताला रडू आवरलं नाही. सुटले, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

मग काय, शहाजींनी फर्मानच काढलं. सगळ्या गार्डांनी मणी लावायचे, आणि नळ्या सुचिताने शिवायच्या. कान्हाचं अख्खं जाळं त्यात संपलं. मशीन आता प्रत्येकाच्याच पायाशी किरकिरू लागलं, तेव्हा मॅनेजरांनी नियम केला की गार्डच्या घोट्यापाशी वाजलं तर सोडून द्यायचं. दिल्लीच्या एका व्यापाऱ्याने मध्यंतरी माल कमी आल्याची कुरकुर केली. आमच्या गेटमधून सुईसुद्धा बाहेर जात नाही, असं त्यांनी त्याला ठणकावलं.

सव्वीस जानेवारीला उलव्याच्या मैदानावर आसपासच्या गोदामांच्या गार्डांचं संचलन होतं. सुचिताची सकाळची ड्यूटी आत, मालाच्या रॅकपाशी होती. तिथूनच ती तुकडीत आली. गेटमधून निघताना मशीन सगळ्यांसाठीच वाजलं, सगळेच हसले.

मैदानावर तुकडी अशी काही चालली की बघणारे उठून उभे राहिले. पाहुणे म्हणून आलेले निवृत्त कर्नल रांगेतून फिरताना सुचितापुढे थांबले, कमरेत वाकले आणि तिच्या बुटांकडे बघत राहिले. एवढी भारदस्त बसलेली घडी मी फौजेतही क्वचित पाहिली, असं ते शहाजींना म्हणाले. सुभेदारांचे डोळे भरून आले. ढाल सुचिताच्या तुकडीला मिळाली, आणि ती घ्यायला शहाजींनी तिलाच पुढे ढकललं. टाळ्या थांबेनात. एवढा आनंद तिला लग्नातही झाला नव्हता. ढाल डोक्यावर धरून ती पूर्ण मैदानाला फेरी मारून आली, आणि तुकडी तिच्या मागे, पाय आपटत.

मॅनेजरांनी आपली गाडी देऊन तिला घरापर्यंत सोडलं. गल्लीतल्या बायांनी ओवाळलं. सासऱ्यांनी अंथरुणातूनच ढालीवर हात फिरवला आणि आपलं जाळं सार्थकी लागलं म्हणाले.

सगळे पांगल्यावर सुचिता आतल्या खोलीत आली. हरेशने दाराला कडी घातली आणि तिच्यापुढे परात ठेवली. ती खाली बसली. तिने दोन्ही बुटांवरची रबरं सोडली, नळ्या काढल्या आणि शिवण उसवायला घेतली.

हरेश कान देऊन ऐकू लागला. "आज वाजतान गो ही," तो दबक्या आवाजात म्हणाला. "रोज तर बंद असतान."

"आज परेड झाली ना," सुचिता म्हणाली, आणि दोन्ही नळ्यांतली घड्याळं परातीत ओतली.