सकाळची वेणी

“बंद म्हणजे बंद,” असं म्हणत सेतुमाधवने रिमोट फ्रिजच्या डोक्यावर ठेवून दिला.

शाळेचा गणवेश घालून हरिता खाली सतरंजीवर बसली होती. तिने एकदा टीव्हीच्या काळ्या पडद्याकडे पाहिलं, एकदा बापाच्या हातातल्या फणीकडे.

“थोडा वेळ, अप्पा?”

“काल मी सगळ्यांसमोर काय सांगितलं? आणि आपल्याच घरात टीव्ही? लोक हसतील, कण्णा,” तो लेकीला लाडाने म्हणाला.

काल शाळेत पालकांची सभा होती. सेतुमाधव तंजावरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचा. त्याच्या हाती माईक गेला की तो परत मिळवणं अवघड. सकाळी टीव्हीसमोर बसवलेल्या मुलाचं नुसतं दप्तर शाळेत जातं, डोकं घरीच राहतं, असं तो म्हणाला. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिकांनी तिथल्या तिथे सगळ्या पालकांना हात वर करायला लावून शपथ दिली. शाळेआधी टीव्ही नाही! सगळ्यांत उंच हात सेतुमाधवचा होता.

खरं सांगायचं तर त्याच्या घरात सकाळी टीव्ही लावायची सवय जुनी नव्हती. त्याच्या बायकोची, विजयलक्ष्मीची, पापनाशमच्या तालुका कचेरीत बदली झाली आणि ती पहाटेच्या गाडीने जाऊ लागली. इडल्या, डबा, पाण्याची बाटली, सगळं सेतुमाधवच्या गळ्यात पडलं. ते तो निभावून नेत होता. पण वेणी! शाळेचा नियम कडक होता. दोन घट्ट वेण्या, त्या दुमडून वर बांधायच्या, वर रिबिनीची फुलं. मोबाईलवर बघून बघून तो शिकला होता. पहिल्या दिवशी हरिता भोकाड पसरून रडली. त्याने फणी फेकली, झोपाळ्यावर जाऊन बसला आणि म्हणाला, “राजांच्या सगळ्या वंशावळी मला पाठ आहेत, आणि पोरीची एक वेणी जमत नाही. मी कसला बाप!” शेवटी शेजारणीने येऊन वेण्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी हरिताने आपणहून टीव्हीवर कार्टून लावलं, आवाज वाढवला आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. मान हलली नाही, हूं नाही की चूं नाही. दोन्ही वेण्या सरळ आल्या. तेव्हापासून रोज तसंच. याचं श्रेय सेतुमाधवने अर्थातच स्वतःच्या हाताला दिलं. “सगळी गंमत मनगटात असते,” असं तो स्टाफरूममध्ये प्राध्यापकांना समजावू लागला. ते बिचारे ऐकूनही घेत. पोरीला टीव्हीचा नाद लागला, एवढीच काय ती खंत. आणि त्या खंतीचंच पुढे भाषण झालं.

आता टीव्ही बंद करून त्याने केसांना खोबरेल तेल लावलं, भांग पाडला आणि पहिला पेड ओढला.

“अय्यो!” हरिता किंचाळली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

“बघ, बघ,” सेतुमाधव म्हणाला, “व्यसन सुटताना असंच होतं.” हे पुढच्या भाषणात घ्यायचं, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती आणखी रडली. भांग कावेरीच्या कालव्यासारखा वाकडातिकडा गेला. त्यानंतर एक वेणी शाळेत सुटली आणि बाईंनी वर्गासमोर तिला बोल लावले. शाळेत सोडणारा रिक्षावाला म्हणाला, “सार, तुमची पोर वाटभर मुसमुसत असते.” सेतुमाधवने त्यालाही व्यसनावर चार शब्द सुनावले. रात्री विजयलक्ष्मीने विचारलं, “पोरगी अशी सुकल्यासारखी का दिसते?” तेव्हा तो ऐटीत म्हणाला, “थोडे दिवस सोस. टीव्ही उतरतो आहे तिच्या डोक्यातून.”

पुढच्या सकाळी त्याला हाक मारावी लागली नाही. हरिता स्वतःच फणी घेऊन आली, खाली बसली आणि तिने सतरंजीची कड दोन्ही मुठींत आवळून धरली. सेतुमाधवने अजून केसांना हातही लावला नव्हता, तरी तिचे खांदे थरथरत होते.

त्याचा हात तिथेच थांबला. एवढंसं पोर, आणि एका कार्टूनसाठी त्याने तिचे हे हाल केले होते! गेली खड्ड्यात शपथ. शपथ शाळेत घेतली होती, इथे घरात कोण बघायला येतंय? तरी त्याने खिडकी लावून घेतली, कारण शेजारणीचा मुलगा हरिताच्याच वर्गात होता आणि तिनेही त्या सभेत हात वर केला होता. मग सगळ्या तंजावराला शहाणपण शिकवणारा तो प्राध्यापक चोरपावलांनी फ्रिजपाशी गेला आणि टाचा उंचावून त्याने रिमोट काढला.

“बरं बाई. तू जिंकलीस,” तो तिच्या मागे येऊन बसत हळूच म्हणाला. “पण अम्माला सांगायचं नाही. शाळेत तर मुळीच नाही. बोल, कुठलं कार्टून लावू?”

हरिताने मान वळवली नाही. मुठी मात्र सैल झाल्या.

“कुठलंही लाव, अप्पा. मी डोळे मिटूनच बसते. आवाज तेवढा मोठा कर, म्हणजे मी रडलेलं तुला ऐकू येत नाही.”