फाटकातली पंगत

गार्डने पिशवीची चेन ओढली, आत हात घातला आणि नेमका तोच डबा बाहेर काढला. "बाहेरचं खाणं आत नाही, मॅडम."

परळच्या जुन्या गिरणीच्या जागी मॉल झाला आणि मॉलच्या वरच्या मजल्यावर हे खेळांचं पार्क. आत छोटी आगगाडी फिरते. सात वर्षांची दुर्वा महिनाभर त्या गाडीचा व्हिडिओ बघत होती. आज कानांवर जाड हेडफोन चढवून, आईची ओढणी मुठीत धरून ती काळाचौकीहून इथवर न रडता आली होती, आणि तिच्या आईला, प्राचीला, तेवढ्यानंच अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं. डब्यात तांदळाचे घावन होते. पांढरेशुभ्र, एकही करपलेला ठिपका नसलेले, चार पदरी दुमडलेले. दुर्वा बाहेर एवढंच खाते. दुसऱ्या कुणाचा हात डब्यात गेला तर तेही नाही. मग ती दिवसभर उपाशी राहते आणि तिच्याबरोबर सगळं घर.

प्राचीने हे सांगायला सुरुवात केली. गार्डने ऐकून घेतलं आणि आत मुलांसाठी खास मेनू आहे म्हणाला. प्राचीने तो मेनू मोबाइलवर बघून बघून पाठ केला होता. त्यातल्या प्रत्येक गोष्टीला उग्र वास तरी होता, नाहीतर वरून हिरवं काहीतरी भुरभुरवलेलं होतं. मग सुपरवायझर आली. फ्लॅविया, असं तिच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं. तिने सांगितलं की नियम सगळ्यांना सारखा, एकीला सोडलं तर उद्या लोक बिर्याणीचे टोप घेऊन येतील. तसं चुकीचं काही बोलत नव्हती ती.

तेवढ्यात प्राचीच्या सासूबाई, शेवंती, पुढे झाल्या. नातीबद्दल चाळीत त्यांनी आजवर 'पोट नाजूक आहे' यापलीकडे कुणाला काही सांगितलं नव्हतं. इथे भर रांगेत सुनेने सगळं उलगडून सांगावं, हे त्यांना सोसवेना.

"परसाद आसा तो, बाबा," त्या गार्डला म्हणाल्या. "देवाचो."

झालं. गार्डने डबा दोन्ही हातांनी अदबीने शेवंतींना परत दिला. चपला काढायच्या तेवढ्या राहिल्या. प्रसादाला आत सोडणार नाही असं कोण म्हणेल? पण प्रसाद म्हटलं की पुढचंही ओघानं आलंच. गार्डने डाव्या हातावर उजवा हात ठेवून तळवा पुढे केला. फ्लॅविया हसून म्हणाली की लहानपणापासून लालबागच्या मंडळांत प्रसाद खात आलेय, मलाही द्या थोडा, आणि तिनेही हात पुढे केला. मागच्या एका बाईने आपल्या मुलाला पुढे ढकललं. प्रसाद मागणाऱ्याला नाही म्हणणं शेवंतींना उभ्या जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी डब्याची कडी काढली, झाकण उघडलं आणि बोटं आत घालणार, एवढ्यात प्राचीने डब्यावर आपला पंजा ठेवला.

"प्रसाद नाही हा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढा होता. "माझ्या मुलीचं जेवण आहे. ती एवढंच खाते. आणि ह्यात कुणाचा हात जाणार नाही."

शेवंतींचं तोंड उतरलं. पुढे आलेले हात मागे गेले. रांगेत कुणीतरी पुटपुटलं की लाड केले की पोरं अशीच होतात. हे वाक्य प्राचीने लग्नाच्या हॉलमध्ये ऐकलं होतं, शाळेच्या दारात ऐकलं होतं, आणि दर वेळी ती आतल्या आत जळत, मान खाली घालून निघून गेली होती. आज ती वळली.

"हो, करते मी लाड. अजून करणार आहे."

आता त्यांना बाहेर जा म्हणायचं तेवढं बाकी होतं, आणि फ्लॅविया ते म्हणणारही होती. पण नियम दुर्वाचेही होते, आणि ते पार्कच्या नियमांपेक्षा कडक होते. डबा उघडला की जेवायचं, असू तिथे. दुर्वा फाटकाच्या आडव्या दांड्याखाली फरशीवर मांडी घालून बसली आणि तिने आईकडे हात पुढे केला.

एरवी प्राचीने तिला कडेवर उचललं असतं आणि सॉरी सॉरी करत काढता पाय घेतला असता. आज तिने सासूबाईंच्या हातातून डबा घेतला, स्वतःच लेकीसमोर बसली आणि तो मध्ये ठेवला. दुर्वाने एक घावन उचलला, उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी तपासला आणि मग बारीक घास तोडला.

रांग तुंबली. कुणी घड्याळ बघू लागलं, कुणाचं पोर रडायला लागलं. फ्लॅवियाने मागे वाढणारी गर्दी पाहिली, खाली बसलेल्या मायलेकींना पाहिलं आणि शेवटी स्वतःच्या हाताने दांडा वर केला. आत बसा, डबा घेऊन बसा, कुणी विचारलं तर मी बघते, असं ती जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाली.

"जेवण झाल्यावर," प्राची म्हणाली. "मध्येच उठवलं तर ती परत पहिल्यापासून सुरू करते."

अजून किती वेळ, असं मागून कुणीतरी विचारलं. इतका वेळ खांबाला टेकून उभ्या असलेल्या शेवंतींनी पदर खोचला. गुडघ्यावर हात दाबत त्या खाली आल्या आणि नातीला चालतं तेवढं अंतर सोडून, रांगेकडे तोंड करून बसल्या.

"माझी नात जेवता," त्या म्हणाल्या. "ती अशीच जेवता. जरा थांबा."

दुर्वाने दुसरा घावन उचलला आणि उजेडाकडे धरला.