रुजवात

मुंजाजी खंदारेनं शेवटच्या ओळीखाली रेघ ओढली आणि पेनाला टोपण लावलं. आता रुजवात तेवढी उरली होती. मूळ कागद एकानं मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवायचं, ही कचेरीची जुनी रीत. घरी दुसरा कोण? बायकोला, सरजाबाईला, अक्षरओळख नव्हती. तरी तो तिच्याकडं तोंड करून वाचायचा. ती ज्वारी निवडत ऐकायची.

आठ महिने असंच चाललं होतं. गेल्या ऑगस्टात, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा नामांतराचा ठराव झाल्यावर, कचेरीतून परतताना जमावानं त्याची सायकल अडवली. आडनाव विचारलं. मग सायकल पेटवली. तो रानातून पळाला म्हणून वाचला. अजूनही दाराशी कुणी थांबलं की त्याला जळत्या टायरचा वास यायचा.

पंधरा दिवसांनी अव्वल कारकून दिनकरराव स्वतः घरी आले. वातावरण निवळेपर्यंत घरूनच नकला करा, हजेरीचं आपण बघू, म्हणाले. मुंजाजीला भरून आलं होतं. तेव्हापासून शिपाई सटवाजी कागदांचा गठ्ठा आणून द्यायचा. वातावरण दिवाळीतच निवळलं. गठ्ठे येत राहिले. परवा मुंजाजीनं सहज विचारलं, आपलं टेबल आहे ना जाग्यावर? सटवाजी म्हणाला, "हाय की. पान्याचा माठ ठिवलाय त्याच्यावर."

आजचा कागद दिनकररावांचाच होता. घरून काम करण्याची पद्धत तालुक्यातल्या कचेऱ्यांत यशस्वी झाली आहे, ती कायम करावी, जिल्ह्यात इतरत्रही सुरू करावी, असा अहवाल. खाली स्वखुशीनं घरून काम करणाऱ्या अकरा कर्मचाऱ्यांची यादी. प्रत्येक नावापुढं सहीला जागा. मुंजाजी सही करणारच होता. एकदा सही झाली की तो रस्ता पुन्हा तुडवायला नको.

नकलनवीस अक्षरं उतरवतो, मजकूर वाचत नाही. वीस वर्षांची सवय. यादीही त्यानं तशीच उतरवली होती. आता तो एका सुरात वाचू लागला. पंडित घनसावंत. किसन वाव्हळ. लिंबाजी रणखांबे. दशरथ साळवे. एकेका नावाखाली बोट सरकत होतं. दहा नावं झाली.

सरजाबाईचा हात सुपात थांबला.

"समदी आपलीच मानसं हायत की," ती म्हणाली. "लगीन कुणाचं हाय?"

अकरावं नाव त्याचं स्वतःचं होतं. ते त्यानं वाचलं नाही. सहीची जागा कोरी ठेवून त्यानं कागदांची सुरळी केली, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच सरजाबाईला विचारलं, कचेरीला जायचा सदरा कुठं ठेवलाय.