विम्याचा माणूस

"आणि मला ताई म्हणायचं नाही. चुकूनसुद्धा नाही," ताईने बजावलं. "बाई म्हणायचं."

"बाई!" प्लंबरला हसू आवरेना. "आणि तू मला काय म्हणणार?"

"प्लंबर. दुसरं काय म्हणणार, कप्पाळ?"

स्वयंपाकघरातली लाकडी फरशी पाणी पिऊन टम्म फुगली होती. सिंकखालचा जोड त्यानेच गेल्या आठवड्यात बदलला होता, स्वतःच्या हाताने आवळला होता. ताई आणि भाऊजी बाहेरगावी गेले आणि नेमका तोच निसटला. इतक्या वर्षांच्या धंद्यात त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं. कसं झालं ते अजून त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं, पण पाण्याशी काय वाद घालणार?

भाऊजींनी बोलणंच टाकलं. "फुकटचं काम हे असंच," एवढंच म्हणाले, आणि ते त्याला फार लागलं. हे आत्ताच व्हायला हवं होतं! त्याच्या घरमालकाने महिनाअखेर जागा सोडायला सांगितली होती. बायकोला घेऊन तो इथेच, वरच्या दोन खोल्यांत येणार होता. घर कागदोपत्री ताईच्या नावावर. पण "खाली ताई, वर तू" असं बाबा जाताना दोघांना सांगून गेले होते, आणि ताईने त्याला कधी नाही म्हटलं नव्हतं. आता भाऊजींचं तोंड सरळ झालं म्हणजे मिळवली.

तोडगा ताईनेच काढला. "तुझा तो विमा आहे ना? लोकांच्या घरात काम करताना नुकसान झालं तर भरून देणारा? मग रडतोस कशाला?"

त्याने पॉलिसी आणून दिली. ताईने चष्मा लावून ती वाचली आणि कपाळाला हात लावला. सख्ख्या नात्यातलं घर, किंवा आपला हिस्सा असलेलं घर, विम्यात बसत नव्हतं.

"झालं! बोंबला," तो म्हणाला.

"बोंबलायचं काय त्यात? मी तुझी बहीण आहे असं माझ्या तोंडावर लिहिलंय का? कंपनीशी मी बोलते. तू मध्ये नाक खुपसू नकोस. तुला थाप मारता येत नाही."

हे मात्र खरं होतं. लहानपणी काचा फोडायचा तो आणि थापा मारून वाचवायची ती. आजही तीच धावून आली म्हणून त्याला भरून आलं.

बेल वाजली. पिकल्या केसांचे एक गृहस्थ आत आले.

"हे आमचे प्लंबर," ताई म्हणाली आणि चहा ठेवायला वळली.

साहेब फरशी पाहून थांबले नाहीत. त्यांनी भिंतींवर टकटक केली, खिडक्या उघडून पाहिल्या, वरही जाऊन आले. कंपनी भलतीच चोख दिसते, प्लंबरच्या मनात आलं.

"हे पाणी कशाने आलं?"

"माझी चूक, साहेब. जोड निसटला. आता पक्का केलाय."

"आणि फरशीचं?"

"माझा विमा आहे ना. त्यातून होईल."

"विमा आहे? वा, मग बरंय."

माणूस ताकास तूर लागू देत नव्हता.

"तुम्ही या घरी नेहमी येता?"

"वर्षानुवर्षं. बोलावलं की हजर."

"मग एक विचारू? गल्लीत कोणीतरी म्हणालं, बाईंना एक भाऊ आहे. वरच्या मजल्यावर त्याचा हक्क आहे म्हणे."

ओट्यापाशी ताईचा चमचा कपातच थांबला. गल्लीतल्या लोकांना नसत्या चौकशा! आता ततपप झालं की विमाही गेला आणि भाऊजीही कायमचे गेले.

"छे हो! बाई एकुलत्या एक. भाऊबिऊ कोणी नाही."

"नक्की?"

"असता तर इतक्या वर्षांत मला दिसला नसता?"

"हेच जरा मोबाइलवर सांगाल? मागाहून लचांड नको."

त्याने सांगितलं. अगदी कॅमेऱ्यात बघून, छातीठोक. बाईंना भाऊ नाही, घरात दुसऱ्या कोणाचा हिस्सा नाही. भिंतीवरचा बाबांचा फोटो ताईने सकाळीच काढून ठेवला होता, ते एक बरं झालं.

साहेब गेल्यावर ताईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तिचे डोळे भरले होते.

"अगं, रडतेस काय? जमलं की!"

"जमलं रे," ताई म्हणाली. "आता महिनाअखेरपर्यंत इकडे फिरकू नकोस. फोनही नको. कंपनीवाल्यांना संशय यायचा."

"आणि सामान?"

"आण की. तुझंच घर आहे."

महिनाअखेरीला तो टेम्पो घेऊन आला. बायको पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती, मांडीवर कुंडी घेऊन. एवढी खूश ती कित्येक दिवसांत दिसली नव्हती. त्याने बेल वाजवली.

दार साहेबांनी उघडलं. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल.

प्लंबर गडबडला, पण लगेच सावरला. "साहेब, तुम्ही? तपासणी अजून चालूच आहे वाटतं?"

"कसली तपासणी? परवाच राहायला आलो आम्ही," साहेब मोकळेपणाने हसले. "या, आत या. तुमचे तर उपकार आहेत, प्लंबर. आमचा वकील हे घर घेऊच देत नव्हता. बाईंना भाऊ नाही, हे तुमच्या तोंडून ऐकलं, तेव्हा कुठे तो तयार झाला."