अक्काचा भोंडला

ही गोष्ट २०१५ सालची. निवृत्तीनंतर यांनी काडेपेटीहून जरा मोठा एक संगणक आणला, त्याला हार्ड डिस्क जोडली आणि घरातल्या सगळ्या कॅसेटी तीत भरल्या. माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या आवाजातली भोंडल्याची गाणीही त्यात होती. ती यांनी टॉरेंटवरही ठेवली, म्हणजे जगात कुणीही ती इंटरनेटवरून आपल्या संगणकात उतरवून घ्यावी आणि तिथून पुढे इतरांना द्यावी.

"अहो, आपला भोंडला जगाला कशाला?"

"आपण देत राहिलो, तर उद्या आपल्यालाही कुणी देईल. फक्त या संगणकाचं बटण बंद करू नकोस."

पण गावाला जाताना सगळी बटणं बंद करायची माझी जन्माची सवय. तीच नडली. चार-पाचदा अशी वीज तोडल्यावर डिस्क कायमची गेली. कॅसेटी केव्हाच भंगारात गेल्या होत्या, आणि अक्का जाऊन वर्ष झालं होतं. हे लगेच कामाला लागले. नवी डिस्क लावून तीच गाणी टॉरेंटवर मागितली आणि रोज संगणकाचा हिरवा दिवा बघत बसले.

अकराव्या दिवशी दिवा लुकलुकला आणि पडद्यावर केनियाचं नाव आलं. तिथल्या कुणा अनोळखी घरात आमचा भोंडला होता. संध्याकाळी अक्काचा आवाज आला, "ओळखा पाहू खिरापत," आणि मागून माझा, "पाटवडी." चुकलेला.

हे २०२१ मध्ये गेले. केनियातलं ते घर कुणाचं, कधी कळलं नाही. मी आता थकले, गावाला जाणं सुटलं. बटणावर यांच्या अक्षरातली चिठ्ठी अजून आहे: 'हे सोडून बाकी सगळं बंद कर.'