हलणारी पोर

सासऱ्यांच्या जुन्या कॅमेऱ्याला एकावर एक दोन भिंगं होती. वरच्यातून ते बघायचे, फोटो खालच्यातून निघायचा. थोरल्या सुनेच्या मुलाच्या फोटोंनी भिंत भरली होती. धाकटीच्या लेकीचा मात्र एकही फोटो कधी आलाच नव्हता. “पोर हलते गं तुझी, पायाला नुसती भिंगरी!” सासरे दरवेळी म्हणायचे. म्हणून आज धाकटीनं लेकीला पढवून खुर्चीत बसवलं. पोर पापणीही न लववता, श्वास रोखून बसली. “शाब्बास!” म्हणत सासऱ्यांनी कॅमेऱ्यावर मान झुकवून खटका दाबला. लेकीला उचलताना धाकटीचं लक्ष गेलं. खालच्या भिंगावर झाकण तसंच होतं. ‘म्हातारपण, विसरले असतील,’ असं ती स्वतःला समजावते तोच थोरलीचा मुलगा खुर्चीवर चढला. सासऱ्यांनी सवयीनं झाकण काढून खिशात टाकलं. लेकीनं हळूच कानात विचारलं, “आई, या वेळी मी हलले नाही ना?”