पेसमेकरचा निरोप

राडोयेच्या घरी कुलसंताचा सण होता. पंगत रंगात आली होती आणि म्हातारा राडोये पाहुण्यांना रकिया, फळांची कडक दारू, पाजत मोठ्याने गात होता. एवढ्यात शहरातल्या इस्पितळातून फोन आला. तो त्याच्या बायकोने, ल्युबिंकाने घेतला. “त्यांच्या छातीतला पेसमेकर आम्हाला इशारे पाठवतोय,” परिचारिका म्हणाली. “ठोके चुकताहेत, फुप्फुसांत पाणी साठतंय. आजच्या आज घेऊन या.” निरोप ऐकून राडोये हसला. “भित्रं आहे ते यंत्र! मी ठणठणीत, बस खाली.” पण आडवं झालं की धाप लागायची म्हणून आठवडाभर तो खुर्चीत बसूनच झोपत होता, हे फक्त तिला ठाऊक होतं. तिने त्याचे बूट आणले. सुजलेला पाय आत शिरेना. तिने घोट्यावर अंगठा दाबून उचलला, तर तिथे पडलेला खड्डा तसाच राहिला. “दुखत नाही गं,” राडोये पुटपुटला, आणि उठण्यासाठी त्याने दोन्ही हात तिच्यापुढे केले.